मशीनवालीचे पांढरे दात

गावात पान्याची मशीन चालू झाली त्या दिवशी मारुतीच्या पारापाशी कोन कोन व्हतं, ते आधी सांगते. मी व्हते. माझे मालक व्हते, काठी टेकून. सरपंच व्हता. नांदेडहून आलेला मशीनचा साहेब व्हता. वरच्या आळीची शेवंता व्हती, पोटुशी. माझी धाकली जाऊ व्हती, तिचा लेक शिवाजी व्हता, सून सुनीता व्हती, आन् सुनीताच्या कडेवर वैशू व्हती, तिला तवा एकबी दात नव्हता. बाकी गाव व्हतंच, पर मी जे सांगनार हाय त्यात तिथली ही इतकीच मानसं. त्यातले माझे मालक गेले. जाऊ बी गेली.

साहेबानं बटन दाबलं. पांढऱ्या टाकीच्या तोटीला पानी आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आन् माझी जाऊ तोंड उघडून खळखळून हासली. साहेब तिच्याकडं बघतच राहिला.

"मावशी, तुम्ही या गावच्या नाहीत," तो म्हनला.

"कशावरून?"

"दातांवरून."

खरंच हाय ते. आमचं गाव उमरी आन् नायगावच्या मधी. आमच्या गावात बाई हासायच्या आधी पदर तोंडावर नेती. बोरच्या पान्यात फ्लोराईड हाय म्हनतेत. डोळ्याला दिसत न्हाई, जिभेला लागत न्हाई. लेकराचे दुधाचे दात चांगले येतेत. ते पडून दुसरे येतेत ते पट्ट्यापट्ट्याचे, पिवळे, तांबडे, कुनाकुनाचे तर किडलेल्या ज्वारीवानी. आन् म्हातारपनी हाडं धरतेत. माझी मान वळत न्हाई. मागून कुनी हाक मारली तर मला बैलगाडीवानी सगळीच्या सगळी फिरावं लागतंय. माझं म्हायेर बी ह्याच शिवारातलं, म्हनून माझे दात बी असलेच.

धाकली गोदाकाठची. तिचे दात तिच्या म्हायेरच्या पान्यावर आलेले, मोत्यावानी. आलेल्या दाताला पानी काय करत न्हाई, जे करायचं ते दात हिरडीत असतानीच करतंय. नवी नवरी आली तवा मीच तिला म्हनले व्हते, "अगं, एवढं तोंड फाकून हासू नको, सासूबाई बघायल्यात."

ती म्हनली, "आक्का, मी काय हे दात उसने आनलेत का?"

आन् आनखीन हासली. अख्ख्या गावात उघड्या तोंडानं हासनारी ती एकटी. इहिरीवर ती हासली तर आमच्या घरापत्तुर आवाज यायचा. सासूबाई कपाळाला हात लावायच्या. पर मी बघितलंय, त्यांनाबी आवडायचं ते.

तिची लेक मंदी दिसायला आईवानीच, निस्ते दात गावाचे. मंदीला बघायला पाहुने आले. पोरीनं खाली मान घालून पोहे दिले, नाव सांगितलं, शाळा सांगितली, ओठ मिटूनच. पोराची मावशी लई पोचलेली. म्हनली, "पोरी, जरा हासून दाखव की." मंदी हासली न्हाई. मावशी म्हनली, "मिशरी लावती का गं?"

धाकली सैपाकघराच्या दारात व्हती. तिथूनच बोलली, "मिशरी न्हाई लावत. आमच्या गावाचं पानी लावती."

पाहुने पोहे अर्धे ठिवून उठले. तसे मग किती आले आन् किती उठले. शेवटी मंदीला लांब तेलंगनाकडं दिली, बिजवराला, दोन लेकरांवर. पोरीनं कुरकुर केली न्हाई. गाडीत बसतानी आईच्या गळ्यात पडली आन् तवाबी पदर तोंडावर धरलेला. त्या दिवसापासून धाकलीनं मनात एकच धरलं, आपल्या घरात एक तरी लेकरू पांढऱ्या दाताचं व्हाया पायजे. शिवाजीला वैशू झाली तर मानसं लेकराचं नाक बघायली, रंग बघायली. हिनं बोट घालून हिरडी बघितली.

म्हनून मशीन आली त्या दिवशी ती तशी हासली. साहेबानं पारावर बसून सांगितलं, "दुसरे दात लहानपणीच हिरडीत तयार होत असतात. बाळ सात-आठ वर्षांचं होईपर्यंत चांगलं पाणी पोटात गेलं, तर दात चांगले येतील. नंतर कितीही चांगलं पाणी द्या, उपयोग नाही." धाकलीनं ते पाठच केलं. सरपंच म्हनला, मशीन कोन बघनार? सगळे एकमेकाच्या तोंडाकडं बघायले. ही म्हनली, "मला शिकवा." शाळेचं तोंड तिनं बघितलं नव्हतं. साहेब दोन येळा आला, तिला दाखवून गेला, आन् गाव तिला मशीनवाली म्हनाया लागलं.

मशीन म्हंजे काय, तर एक खोली, वर उन्हावर करंट करनाऱ्या काचा, आत टाकी. टाकीत बोरचं पानी घ्यायचं आन् त्यात ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बुडवलेल्या, त्यांच्यात करंट सोडायचा. मग पानी गढूळ व्हतंय, फेस येतंय, कापसाचे गोळे पिंजल्यावानी दिसतंय. मशीन बंद करून उगं ठिवलं की ते गोळे इख घिऊन तळाला बसतेत. खालचा गाळ सोडून द्यायचा, वरचं निवळ पानी दुसऱ्या टाकीत घ्यायचं. पट्ट्यावर पांढरी खपली धरायची, ती धाकली ब्रशानं घासून काढायची. बाया घागरी घिऊन घाई करायच्या, "सोड की गं आता." ही म्हनायची, "पानी बसू दे." एवढा तिला तो शब्द लागला की सगळीकडं तेच. शिवाजी-सुनीताचं भांडन झालं की "बसू दे, पानी बसू दे." माझ्या मालकाचं दुखनं वाढलं, मी बेजार झाले, तवाबी माझ्या पाठीवर हात ठिवून "बसू दे आक्का." गाळ खाली जातोच, असं तिला वाटायचं.

मशीनचं पानी गावाला थोडं पडायचं. घरटी एक कळशी. ती वाटनी तिनंच ठरवली, आन् सरपंचाला बी जास्तीची कळशी दिली न्हाई. आमच्याकडं पयल्यापासून दोन पानी असायचेत. जुन्या काळी लांबच्या इहिरीचं गोड पानी आनायचो, ते रांजनात, प्यायचं. दुसरं हौदातलं, वापरायचं. सैपाक, धुनं, भांडी, ढोरं, सगळं वापरायच्या पान्यात. कुनी शिकवलेलं न्हाई, सासूनं केलं ते सुनेनं केलं. मशीन आली तर मशीनचं पानी रांजनात गेलं आन् बोरचं हौदात राहिलं. आमचं खटलं मोठं. एक कळशी निस्ती प्यायला पुरवता पुरवता धाकलीच्या नाकी नऊ यायचे. ती सोता बोरचंच प्यायची. म्हनायची, "मला काय करायचंय, माझे दात आलेले हायेत."

एकदा तिला कळलं की शेवंता मशीनच्या पान्यात डाळ शिजवती. शेवंताच्या घरी ती, तिचा नवरा आन् पोरगं, तिघंच. बोर तिच्या घरापासून लांब. मग ती एका कळशीत समदं भागवायची. दुसऱ्या दिवशी धाकलीनं तिला ओळीतच धरली.

"कामून गं शेवंते? लोकाच्या लेकरांना प्यायला न्हाई आन् तू चुलीवर वततीस?"

"माझी कळशी हाय. मी तिचं काय बी करीन."

"हे प्यायचं पानी हाय!"

"तुझं पानी काय तुपाचं हाय का मशीनवाली? पोटातच जातंय की."

बाया फिदीफिदी हासल्या. धाकलीनं तिच्या कळशीवरची तोटी बंद केली आन् तिला शेवटी उभी केली. शेवंता ओळीच्या शेवटाला जाऊन उभी राहिली, बडबड करत. पर आळशी बाई ती, तिनं काय ऐकलं न्हाई. ती डाळ बी त्याच पान्यात शिजवायची, चहा बी त्याचाच करायची. धाकलीनं मग तिचा नादच सोडला.

वैशूला तर धाकलीनं डोळ्यात तेल घालून वाढवलं. पोरगी अंगनवाडीत जाताना गळ्यात बाटली, मशीनच्या पान्याची. लग्नाला गेलो तरी बाटली. जत्रंत पोरगी बर्फाच्या गोळ्यासाठी रडली, तर आज्जीनं उचलून घरी आनली. अंगनवाडीची बाई म्हनायची, "आज्जीबाई, हिला काय सोन्याचे दात येणार हायेत का?" ही म्हनायची, "न्हाई, पांढरे." सकाळी पोरीला मांडीवर घिऊन चहा-भाकर भरवायची, भाकर चहात चांगली भिजवून, मऊ करून. दुपारी वरनाचं पानी वाटीत घिऊन भात कालवायची. पोरगी पोटभर जेवली की तिच्या तोंडाकडं बघत बसायची. तिच्याइतकं सुखाचं तोंड मी कुनाचं बघितलं न्हाई.

वैशू शाळेत जाया लागली आन् पयला दात पडला. धाकलीनं तो पत्र्यावर फेकला आन् रोज सकाळी पोरीला उन्हात नेऊन तोंड उघडाया लावायची. एक दिवस मला वरडून बोलावलं. "आक्का, या लवकर! बघा, कसा पांढरा!" मी सगळीच्या सगळी वळून गेले. वाकून बघितलं. दात आलता. पांढराच व्हता. पर खडूवानी पांढरा, रेघारेघांचा. मला कळलं. आमचे बी असेच आलते, मग वरीस सरता सरता तांबडे झाले. बोलून काय दात बदलनार व्हता? धाकली मातर गावभर सांगून आली.

मग एक एक दात येत गेला आन् पयल्याच्या रेघा पिवळ्या पडाया लागल्या. धाकली रोज मीठ घिऊन ते घासायची. पोरगी रडायची. "मोठी आई, आज्जीला सांग की," म्हनून माझ्यामागं लपायची. त्याच सुमाराला शाळेत दाताच्या डॉक्टरीनबाई आल्या. धाकली वैशूला घिऊन गेली, मी बी संगं गेले. बाईंनी बॅटरी लावून बघितलं.

धाकली म्हनली, "मॅडम, मशीन खराब असंल का? हिला मी मशीनच्या बगर दुसरं पानी पाजलं न्हाई. थेंब न्हाई."

"मशीनचं पाणी तपासलंय, चांगलं आहे," बाई म्हनल्या. "मावशी, घरात स्वयंपाक कोणत्या पाण्यात होतो?"

"बोरच्या."

"चहा?"

"बोरच्या. ते वापरायचं झालं की."

बाईंनी बॅटरी बंद केली. मग हळूच म्हनल्या, "भातानं जे पाणी शोषलं, वरणात जे पाणी घातलं, ते कुणाच्या पोटात गेलं, मावशी?"

धाकली उभीच राहिली. बाहेर पोरं ओळीत व्हती. बाईंनी पुढच्याला बोलावलं. ते शेवंताचं पोरगं. त्यानं आ केला. पुढचे दुसरे दात आलते, चांगले व्हते. अगदी मोती न्हाईत, पर चांगले, सरळ सफेद. धाकलीनं बघितलं. मी तिच्याकडं बघत व्हते. ती "बसू दे" म्हनली न्हाई.

सांजच्याला शेवंता घरी आली. मला वाटलं, आता टोमना मारनार, आन् तिचा हक्क बी व्हता. तर ती उंबऱ्यावर बसून राहिली. म्हनली, "मला कुठं ठावं व्हतं मशीनवाली. मी आपली आळसानं करत व्हते." धाकलीनं तिला चहा केला. मशीनच्या पान्याचा. दोघींनी पिला.

तवा वैशूचा भाऊ बाळू पाळन्यात व्हता. धाकलीनं दुसऱ्याच दिवशी चूल बदलली. बाळूचं वरन, बाळूचा भात, निस्तं मशीनच्या पान्यात. घरच्या मोठ्या मानसांना बोरचं प्यायला लावलं. गावात घरोघर फिरून सांगितलं, लेकराचा सैपाक ह्या पान्यात करा. मला वाटलं, एकीचे दात गेले तर गेले, दुसऱ्याचे तरी वाचले. पर मशीनच्या पट्ट्या झिजून आल्त्या. त्या झिजतच असतेत, करंटानं पान्यात उतरतेत, तेच त्यांचं काम. कागदावानी पातळ झाल्या आन् मग पानी गढूळच व्हईना. गढूळ न्हाई व्हनार तर बसनार काय?

साहेबाचा फोन लागंना. सरपंच नवा आलता, तो म्हनला बघू. धाकलीनं एक झिजलेली पट्टी फडक्यात बांधली आन् आमी दोघी उमरीहून रेल्वेनं नांदेडला गेलो. ऑटोवाला हिंडून हिंडून बेजार झाला. साहेबाचं हापीस ज्या इमारतीत व्हतं तिथं आता पोरांची शिकवनी व्हती. जिन्यात चपलांचा ढीग. एक पोरगी म्हनली, "आज्जी, इथं कुठलंच हापीस न्हाई." मग दुसऱ्या एका मोठ्या हापिसात गेलो. तिथल्या मानसानं पट्टी हातात घिऊन उलटीपालटी केली, चांगला मानूस व्हता, पंख्याखाली बसा म्हनला.

"मावशी, ती योजना संपली. आता तुमच्या घरोघर नळ येणार आहे."

"नळाला पानी कुठलं?"

"तुमच्याच गावच्या बोरचं."

"मग दाताचं काय?"

"त्याचं वेगळं बघावं लागेल."

त्यानं पट्टी तिला परत दिली. येताना रेल्वेत ती पट्टी मांडीवर घिऊन बसली. तिचाच शब्द मी तिला म्हनले, "बसू दे धाकले. पानी बसू दे."

ती म्हनली, "आक्का, पट्ट्या संपल्यावर पानी बसत न्हाई."

त्याच्या पुढं तिनं तो शब्द काढला न्हाई. मशीनच्या खोलीला कुलूप लावलं, किल्ली सरपंचाला दिली. उन्हाच्या काचा कुनीतरी काढून नेल्या. आता तिथं कडबा असतोय, शेरडं बांधतेत. नळ आले. आमच्या दारात बी हाय, निळा पाईप, पिवळी तोटी. पानी आलं तर येतंय, तेच बोरचं. ज्याला परवडतंय तो उमरीहून जार आनतोय, ज्याला न्हाई तो न्हाई, आमी त्यातलेच.

आन् धाकलीनं तोंड झाकाया सुरू केलं. मला आधी कळलंच न्हाई. एकदा शेवंता काहीतरी बोलली, सगळ्या हासल्या, ही बी हासली, आन् तिचा पदर तोंडावर गेला. आमच्यावानी. मी म्हनले, "अगं, तू कामून झाकायलीस? तुझे दात तर चांगले हायेत."

ती म्हनली, "पोरीसमोर बरं दिसत न्हाई, आक्का."

पुढं तसंच राहिलं. वैशू नसली तरी पदर तोंडावरच. तिचं ते खळखळून हासनं गावातून गेलं.

ती गेली ती तापाचं निमित्त झालं. नायगावला दवाखान्यात नेली, दोन दिवस सलाईन लावली, घरी आनली. मंदीला फोन केला, ती येईपत्तुर थांबली न्हाई. ओसरीवर काढून ठिवली तर तोंड उलसं उघडं राहिलं. दात तसेच, पांढरेशुभ्र, एवढ्या वयात एकबी पडलेला न्हाई. बाया येत व्हत्या, पाया पडत व्हत्या आन् दातांकडं बघत व्हत्या. वैशू उशाला बसलेली, ओठ मिटून. मी उठले आन् धाकलीचा पदर तिच्या तोंडावर ओढला. ती असती तर तिनं तसंच केलं असतं.

बाळूचे दुसरे दात आता येऊन राहिलेत. खडूवानी. रोज सकाळी तो मला दाखवतोय, "मोठी आई, कसा पांढरा!" मी चांगला हाय म्हनते.

हे सगळं मी बोलले, लिहिलं वैशूनं. ती आता नववीत हाय. अक्षर चांगलं हाय तिचं. लिहिता लिहिता मधी एकदा हासली, शेवंताच्या भांडनापाशी, हातानं तोंड झाकून.

वाचनाऱ्याला माझं एवढंच सांगनं हाय. तुमच्या गावात अशी मशीन असंल, जार येत असंल, कुठून का व्हईना चांगलं पानी येत असंल, तर लेकराचं वरन, भात, चहा त्याच पान्यात करा. पुरत नसंल तर मोठ्यांनी बोरचं प्या, आपली हाडं तशी बी गेलेली हायेत. लेकराची वाटी आधी भरा.